तार, टोपण आणि चकती

अमेरिकेत दोन भाऊबंदांची लढाई जुंपली आणि तिचा सगळ्यात जास्त ताप बाळापूरच्या उत्तमराव देशमुखांना झाला, असं म्हटलं तर इतिहासाचे जाणकार हसतील. त्यांना हसू द्यावं. त्यांच्या घरी उपवर मुलगी नव्हती.

झालं होतं असं, की तिकडचा कापूस विलायतेला जायचा थांबला आणि वऱ्हाडातल्या काळ्या मातीला एकाएकी मान आला. ज्याच्या वावरात चार बोंडं फुटली तो स्वतःला नगरशेट समजू लागला. कुणी बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या बसवल्या, तर कुणी नागपूरहून झुंबर मागवलं आणि आपलं छत भक्कम नाही हे झुंबर खाली आल्यावर ओळखलं. उत्तमरावांची देशमुखी वाटण्या होत होत त्यांच्यापर्यंत पोचली तेव्हा तिच्यात नाव मोठं आणि जमीन बेताची राहिली होती. पण त्या सालच्या कापसानं त्यांनाही हात दिला, आणि मुलीसाठी, सत्यभामेसाठी, अमरावतीचं स्थळ बघण्याची हिंमत आली. हिंमत हेच माणसाच्या बहुतेक दुःखांचं मूळ असतं, हे त्यांना तेव्हा ठाऊक नव्हतं.

स्थळ खरोखर चांगलं होतं. राजापेठ दरवाजाच्या आत भगवंतराव देशमुखांचं घर, मुलगा सहदेव निर्व्यसनी आणि घरच्या शेतीत लक्ष घालणारा. पत्रिका जुळली, मानपान ठरला. अडलं ते भगवंतरावांच्या आईपाशी. तानुबाई अंथरुणाला खिळलेल्या होत्या, पण त्यांच्या शब्दावाचून त्या घरात चुलीवर तवा चढत नसे. बोलणी करायला गेलेल्या उत्तमरावांना त्यांनी पडद्याआडून स्वच्छ सांगितलं.

"घरच्या बाया पोरीले पाहून आल्या, बरं झालं. पन नातसून माही हाय. मी तोंड पाह्यल्याबिगर सुपारी फोडू देत नाई."

"आईसाहेब, पोरगी मुलाच्या दारी नेऊन दाखवनं आमच्यात बसत नाई," उत्तमराव म्हणाले.

"आमच्यात बी बसत नाई. मंग कसं करता ते तुमी पाहा. शिमग्यापर्यंत थांबतो आमी. एलिचपूरचं स्थळ बी सांगून येऊन राहिलं."

वऱ्हाडच्या देशमुखांत बायका गोषात राहत. परक्या पुरुषाची नजर मुलीवर पडणं नको, आणि मुलगी बैलांच्या दमणीत घालून वरपक्षाच्या उंबऱ्यावर उतरवणं तर नकोच नको. दुसरीकडे, दोन गावांत बोलबाला झालेलं लग्न मोडलं की त्या मुलीकडे पुन्हा कुणी वळून पाहत नाही. हेही उत्तमरावांना माहीत होतं. त्यांची झोप उडाली ती या दुसऱ्या गोष्टीनं.

त्यांच्याबरोबर देवीदास होता. नात्यानं लांबचा भाचा आणि अकोल्याच्या कचेरीत नकला उतरवणारा कारकून. त्याला इंग्रजी येत असे, म्हणजे ते वाचताना तो अडत नसे. अमरावतीच्या कॅम्पातला एक साहेब विलायतेला परत निघाला होता आणि त्याच्या सामानाचा लिलाव मांडला होता. तिथे तीन पायांवर उभी असलेली एक पेटी पाहून देवीदास थबकला.

"मामा, हे तसबीर काढाची पेटी हाय. मानूस समोर बसवला का त्याचं तोंड काचेवर उतरते. मंग पोरीले कायले न्याचं अमरावतीले? काच न्या."

उत्तमरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. देवानं भाचा दिला तो याचसाठी, असं त्यांना वाटलं. पुढे कित्येकदा त्यांना याच्या उलट वाटायचं होतं. लाकडी पेटी, तिची पितळी नळी, नळीत सरकवायच्या लहानमोठ्या भोकांच्या चकत्या, काचा, बाटल्या, एक इंग्रजी पुस्तक आणि चांदीसारख्या दिसणाऱ्या तारेचं एक वेटोळं, एवढा संसार दमणीत चढला.

अकोल्याच्या नाक्यावर दमणी अडवली गेली. दारूच्या ठेकेदाराचा माणूस तिथे बसलेला असे. त्यानं एका बाटलीचं बूच काढून वास घेतला आणि त्याच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं.

"विलायती माल हाय. परवाना दाखवा."

"ही दारू नाई," देवीदास पुस्तक उघडून म्हणाला. "हा कापूस हाय. विरघळवलेला. काचेले लावाले."

नाक्यावर कापसाच्या बंड्या लागलेल्या होत्या. त्या हंगामात लोकांनी कापसात पाणी मिसळलं होतं, सरकी मिसळली होती, एका भल्या माणसानं तर जात्याची तळीही मिसळली होती. पण कापूस विरघळवून बाटलीत भरण्याइतकी मजल कुणाची गेली नव्हती. गर्दी झाली. एक दलाल उत्तमरावांकडे आदरानं पाहू लागला आणि मण कसा लागला म्हणून विचारू लागला.

वाद कचेरीत गेला. कचेरीतल्या कारकुनानं बाटली उजेडात धरली. कापूस असेल तर पेठेत नेऊन तोलून आणा, म्हणाला. पेठेतला तोलणारा म्हणाला की ओला माल तो तोलत नाही. दारू असेल तर परवाना हवा, आणि परवाना देणारे साहेब बाळापूरकडेच दौऱ्यावर गेलेले. उत्तमराव त्या दिवशी कचेरी आणि पेठ यांच्यामध्ये इतके हिंडले की मोर्णा नदीचा पूल त्यांना ओळखू लागला असता. संध्याकाळी देवीदासानं तोडगा काढला. औषध म्हणून लिहा आणि सोडा.

"कशाचं औषध?" कारकुनानं विचारलं.

उत्तमराव सकाळपासून उपाशी होते. एका देशमुखानं ओसरीवर उकिडवं बसावं, बाटली मांडीवर घेऊन, आणि येणाऱ्या-जाणाऱ्यानं तिचा वास घ्यावा, याला काही मर्यादा असते. ते सगळ्या ओसरीला ऐकू जाईल असं म्हणाले, "पोरीच्या तोंडासाठी हाय बाप्पा. आता तरी जाऊ द्या."

पेटी सुटली. आणि ती बाळापुरात उतरायच्या आत बातमी पोचली, की देशमुखांनी मुलीच्या तोंडाला लावायला अकोल्याहून औषध आणलं. पोरीच्या तोंडावर देवीचे वण आहेत, आजवर लपवले होते.

ही बातमी त्यांना शेजारी खुशालरावांनी दिली. खुशालराव म्हणजे लाख मोलाचा माणूस, फक्त सल्ला न देता त्यांना राहवत नसे. "वन जुने असन तं मसुराचं पीठ दुधात कालवून लावा," ते म्हणाले. "विलायती औषधानं कातडं जाते."

"खुशालराव, वन नाई. पोरीचं तोंड आरशासारखं हाय."

"माह्यापाशी कायले लपवता? मी कोनाले सांगून राहिलो?"

सत्यभामेला देवी आल्याच नव्हत्या. पण नसलेले वण दाखवता येत नाहीत आणि झाकताही येत नाहीत. आठवड्याच्या आत अमरावतीहून येणाऱ्या एका व्यापाऱ्यानं भगवंतरावांचा निरोप आणला. आईसाहेब विचारतात, औषध कशाचं? उत्तर म्हणून आता तसबीरच हवी होती, आणि तीही अशी की गालावरची त्वचा न् त्वचा दिसली पाहिजे.

तसबीर अंगणात उन्हात काढावी, असं पुस्तक म्हणत होतं. पण पुस्तक लिहिणाऱ्याच्या शेजारी खुशालरावांची माडी नव्हती. त्या माडीच्या खिडकीतून देशमुखांचं सगळं अंगण दिसे. उत्तमरावांनी खिडकी लावून घ्यायची विनंती केली, तर वारा बंद होतो, पाहिजे तर मी डोळे मिटून बसतो, असं उत्तर आलं. राहिलं माजघर. त्या माजघरात भर दुपारीसुद्धा ज्वारी आणि तूर हातानं चाचपून ओळखावी लागे.

"त्यासाठीच तं तार हाय," देवीदास पुस्तकातून मान वर करून म्हणाला. "जाळली का सूर्यावानी उजेड पडते."

उत्तमरावांच्या पत्नी वच्छलाबाईंनी तोवर त्या तारेतून जोडवी होतील का हे पाहून ठेवलं होतं. जाळायची म्हटल्यावर त्यांनी नुसतं नवऱ्याकडे पाहिलं. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर तेवढं पुरतं.

पुस्तकाचं सार असं, की तार जाळून उजेड किती पाडायचा, नळीवरचं टोपण किती वेळ काढून ठेवायचं आणि चकतीचं भोक केवढं घ्यायचं, या तिघांचा मेळ बसला की चेहरा उतरतो. भोक लहान घेतलं तर चेहरा रेखीव येतो, पण उजेड पुरत नाही. उजेड पुरत नाही म्हणून टोपण जास्त वेळ उघडं ठेवावं, तर तेवढा वेळ माणूस हलल्याशिवाय राहत नाही. माणूस हलायच्या आत उरकावं म्हणून भोक मोठं करावं, तर नाक तेवढं रेखीव येतं आणि कान धुक्यात जातात. वाटणीला बसलेल्या तीन भावांसारखं ते काम होतं, एकाला खूश केलं की दुसरा रुसायचा. उत्तमरावांनी हयातीत अशा पुष्कळ वाटण्या पाहिल्या होत्या आणि त्यांतली एकही धड झालेली नव्हती.

देवीदास परका नसला तरी पुरुष होता, तेव्हा त्यानं ओसरीवर बसून पुस्तक वाचायचं ठरलं. खुशालरावांना कुणी काही काम दिलं नव्हतं. त्यांनी आपणहून वेळ मोजायची जबाबदारी घेतली. दाराबाहेर बसून ते आरतीची कडवी म्हणत आणि एवढी कडवी झाली की टोपण लावायचं. यात अडचण एकच होती. खुशालराव तंबाखू खात. तोंडात तंबाखू असली की कडवं लांबे आणि थुंकायची वेळ आली की एकदम आटपे.

आत तिघंच. सत्यभामा भिंतीला टेकून पाटावर बसली. वच्छलाबाईंच्या हातात चिमटा आणि चिमट्यात तार. उत्तमराव पेटीमागे, डोक्यावर काळी घोंगडी घेऊन. काच आधी औषधात भिजवायची, ओली असतानाच पेटीत घालायची आणि लगेच कोठीत नेऊन धुवायची. कोठीत हळदीनं रंगवलेल्या फडक्याआड मिणमिणता दिवा होता. ते औषध हाताला लागलं की कातडं काळं पडे आणि कशानं निघत नसे. पहिल्याच दिवशी उत्तमरावांनी कपाळाचा घाम पुसला. दुसऱ्या दिवशी मारुतीच्या देवळात पुजाऱ्यानं त्यांना तीर्थ लांबूनच दिलं.

पहिली काच धुतली तर अमावास्या. लहान भोक नडलं होतं. दुसऱ्या खेपेला सगळ्यात मोठं भोक घेतलं, तार मुलीच्या तोंडापाशी धरली आणि खुशालरावांना सावकाश म्हणायला सांगितलं. त्यांनी नेमकी तेव्हाच तंबाखू भरली. काचेवर चेहरा आला, पण त्याला नाक, भुवया, ओठ यांपैकी काहीच नव्हतं. नुसती पांढरी भाकरी, वर पदर घेतलेली.

"वन नाई दिसून राहिले," काच बाहेर दाखवली तेव्हा देवीदास म्हणाला.

"नाक बी नाई दिसून राहिलं," उत्तमराव म्हणाले.

तिसऱ्या खेपेला मधली चकती, मधलं अंतर आणि खुशालरावांचं तोंड रिकामं. काच धुऊन, चित्र दिसावं म्हणून मागे काळं कापड धरलं, तर मुलीला दोन डोकी. एक सरळ, एक खाली वाकलेलं, आणि छातीपाशी हातांचा गुंता. उत्तमराव हादरले. वण परवडले, पण दोन डोक्यांची मुलगी अमरावतीला कशी कळवायची?

"हलली काहून तू?"

"मी नाई हलली बाबा," सत्यभामा म्हणाली. "दिवा लागला, म्हून नमस्कार केला."

हे कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. दिवा लागला की हात जोडायचे, हे त्या घरात पाळण्यातल्या पोरालासुद्धा शिकवावं लागत नसे. साध्या समईला जिथे मान खाली जाते, तिथे सूर्य उतरल्यासारखा उजेड पडल्यावर कुणाची मान ताठ राहील? पुस्तक लिहिणाऱ्या साहेबानं इतकं सगळं लिहिलं, पण त्याच्या देशात दिव्याला कुणी हात जोडत नसावं. पहिल्या दोन काचांतही हेच झालं असणार. तिथे अंधारात आणि भाकरीत ते दिसलं नाही, एवढंच.

उत्तमरावांनी मुलीला बजावलं की या दिव्याला नमस्कार करायचा नाही. तिनं दोन्ही हात पाटाखाली दाबून धरले. तार पेटली. मुलगी हलली नाही. पण वच्छलाबाईंना कुणी बजावलं नव्हतं. त्यांनी भक्तिभावानं चिमटा सोडला आणि हात जोडले. जळती तार गोधडीवर पडली. उत्तमराव टोपण लावायला धावले, पण त्यांचेही हात त्याच वेळी आपोआप जुळले होते, आणि ते सोडवण्यात क्षण गेला. गोधडी पेटली. धूर पाहून खुशालरावांना गोषाची आठवण राहिली, ते आत आले नाहीत. त्यांनी माजघराच्या झरोक्यातून घागर ओतली, एकामागून एक, विझल्यावरसुद्धा. पेटी, काचा, बाटल्या आणि पेटीमागचे देशमुख, सगळे न्हाले.

"विझली का?" बाहेरून आवाज आला.

"विझली."

"मंग हे एक घागर भरली हाय, ते बी टाकून देतो."

पुढच्या काचेवर मुलगी एकदाची स्थिर आली. पण झळाळीनं तिनं डोळे असे आवळले होते की ती तिरळी दिसत होती. उत्तमराव ती काच घेऊन कोठीत ज्वारीच्या पोत्यावर बसले. शिमगा तोंडावर आला होता आणि तारेचे उरले होते ते तुकडे. गावात वण होते, काचेवर तिरळेपण आलं होतं आणि हात कोपरापर्यंत काळे झाले होते. त्यांना खरंच रडू आलं. आपण मुलीचं लग्न जमवायला निघालो आणि तिचं तोंडच जगातून पुसून टाकायच्या मागे लागलो, असं त्यांना वाटलं.

वच्छलाबाई दारात आल्या. "अवो, उठा. हे तार एकदाची संपवू आनि मोकळे होऊ. आधी मी देवापुढचा दिवा लावतो. तिघंबी नमस्कार करून घेऊ. मंग तुमचा दिवा लागन. एका टायमाले दोनदा कोन हात जोडते?"

उरलेले तुकडे इतके आखूड होते की चिमट्यात एकेक धरवेना. वच्छलाबाईंनी कंटाळून ते सगळे एकत्र वळले, देवाची वात वळतात तसे. मग समई लावली. तिघांनी हात जोडले, डोळे मिटून पुटपुटले आणि हात मोकळे केले. पोरीला समईकडेच पाहत राहायला सांगितलं, म्हणजे डोळे उजेडाला सरावतील. उत्तमराव घोंगडीत शिरले.

पेटीच्या मागच्या काचेवर माणूस उलटा दिसतो. इतके दिवस उत्तमरावांनी त्या काचेत फक्त भोक आणि अंतर पाहिलं होतं. त्या दिवशी त्यांना मुलगी दिसली. देशमुखाच्या घरात बाप मुलीकडे टक लावून पाहत नाही, ती समोर आली की तो पानाला चुना लावत बसतो. सत्यभामेची हनुवटी तिच्या आजीवर गेली आहे आणि डाव्या भुवईत एक भोवरा आहे, हे त्यांना तिच्या लग्नाच्या तोंडावर, घोंगडीखाली, डोकं खाली पाय वर असं कळलं. त्यांनी घोंगडी बाजूला केली. केस उभे, कपाळ काळं, नाकाच्या शेंड्यावर नवा डाग, आणि डोळे भरलेले. सत्यभामेनं बापाचं हे ध्यान पाहिलं आणि ती हसली. दात दाखवून, मोकळी हसली.

"हलू नोको," उत्तमराव म्हणाले, आणि ती जशी होती तशी थांबली, हसण्यासकट. त्यांनी ओली काच पेटीत सरकवली आणि टोपण काढलं. वच्छलाबाईंनी वळलेली तार समईवर धरली. एकेकट्या तारेनं कधी पडला नव्हता असा उजेड पडला. खुशालरावांनी कडव्याला सुरुवात केली आणि अर्ध्यातच त्यांना ठसका लागला. उत्तमरावांनी घाबरून टोपण लावलं.

काच धुऊन काळ्या कापडावर धरली. उजेड पुरला होता, वेळ पुरला होता, भोक पुरलं होतं. केस न् केस दिसत होता. गाल नितळ होते. मुलगी हसत होती. उत्तमरावांना वाटलं, ही काच कुणाला दाखवूच नये.

"मले दाखवा ना," सत्यभामा दाराशी म्हणाली.

"सुपारी फुटेलोक नाई," वच्छलाबाईंनी कापड गुंडाळलं. "आपलंच तोंड पाहून आपलीच नजर लागते. मंग जन्मभर पाह्य."

काचेवर शेवटी रोगण द्यावं, नाहीतर चित्र बोटानं निघतं, असं देवीदासानं पुस्तकातून वाचून सांगितलं. रोगणाची बाटली खुशालरावांच्या घागरीखाली फुटून गेली होती. मुंबईहून दुसरी बाटली येईपर्यंत शिमगा उलटला असता. उत्तमरावांनी काच लाकडी चौकटीत घातली, वर कापूस ठेवला, पेटारा मांडीवर घेतला आणि अमरावतीपर्यंतचा सगळा रस्ता दमणीत तसाच काढला. खड्डा आला की ते स्वतः उडत, पेटारा उडू देत नसत.

भगवंतरावांनी पेटारा उघडूनसुद्धा पाहिला नाही. आईच्या आधी आपण पाहणं त्यांना बरं वाटेना. "बोट लावू नका, कडेनं धरा, मागं काळं कापड असू द्या," हे उत्तमरावांनी तीनदा सांगितलं आणि भगवंतरावांनी आत जाऊन एकदा सांगितलं. पडदा अर्धवट सरकलेला राहिला. उत्तमरावांना पलंगावरची म्हातारी दिसत होती.

तानुबाईंनी काच मांडीवर घेतली. मान खाली केली नाही. त्यांची नजर समोरच्या खांबावर होती आणि ती खांबावरच राहिली. मग त्यांनी उजवा हात काचेवर ठेवला आणि बोटं सावकाश फिरवली. कपाळावरून, गालावरून, पुन्हा गालावरून.

उत्तमरावांना सगळं एका क्षणात कळलं. म्हातारीला दिसत नव्हतं. किती दिवसांपासून कुणास ठाऊक, आणि घरातल्या एकालाही तिनं ते कळू दिलं नव्हतं. ओरडावं असं त्यांच्या जिभेवर आलं. पण ओरडून काय सांगायचं? थांबा आईसाहेब, तुम्हाला दिसत नाही? ज्या बाईच्या शब्दावर हे घर उभं होतं, तिला तिच्या मुलासमोर आंधळी ठरवायचं आणि मग त्याच घरात आपली मुलगी द्यायची? उत्तमराव पडद्याबाहेर बसून राहिले. प्रत्येक बोटागणिक त्यांची मुलगी पुसली जात होती आणि ते मुकाट पाहत होते.

"साफ हाय," तानुबाई शेवटी म्हणाल्या. "गुळगुळीत हाय तोंड. वन-बिन काई नाई. लोकं तं काईबी बोलतात. भगवंता, सुपारी फोड."

भगवंतरावांनी आनंदानं काच हातात घेतली आणि पाहिली. काळ्या कापडावर सगळं धुरकट, पुसटलेलं होतं, आणि कडेला एक कान, त्यात बाळी. त्यांनी आईकडे पाहिलं, तिच्या बोटांना लागलेल्या राखाडी डागांकडे पाहिलं, मग ती जिकडे पाहत होती त्या खांबाकडे पाहिलं. त्यांचा चेहरा उतरला. पडद्याच्या फटीतून त्यांची आणि उत्तमरावांची नजर भेटली आणि दोघांनी ती खाली वळवली.

"चांगली आली तसबीर," भगवंतराव म्हणाले.

"हो. चांगली आली," उत्तमराव म्हणाले.

"काच माह्या उशापाशी ठेवा," तानुबाई म्हणाल्या. "नातसून येईलोक पाहत जाईन."

सुपारी फुटली, पेढे वाटले, उत्तमरावांच्या काळ्या कपाळावर कुंकू लागलं. बाळापुरात खुशालरावांनी आल्याआल्या विचारलं की मसुराचं पीठ लावलं होतं ना, आणि उत्तर न घेताच ते ही बातमी सांगायला निघून गेले. वच्छलाबाईंनी देवापुढे साखर ठेवली. सगळं मनासारखं झालं होतं. उत्तमराव मात्र ओसरीवर बसून राहिले होते आणि जेवायला उठत नव्हते.

सत्यभामा पाण्याचा तांब्या घेऊन आली.

"बुढ्या मायनं काय म्हटलं, बाबा?"

"तोंड साफ हाय म्हने."

"आनि तसबीर?"

"त्याईनं ठेवून घेतली. उशापाशी."

"तिथं गेल्यावर पाहीन मंग," ती म्हणाली. मग खाली बघत तिनं विचारलं, "कशी दिसून राहिली होती मी?"

उत्तमरावांनी तांब्या हातात घेतला, तोंडाला लावला नाही. "हसून राहिली होती तू."

"मंग दात दिसले असतीन. माय म्हनते, हसली तं पदर धरत जाय तोंडावर. दिसत होते काय?"

"दिसत होते," उत्तमराव म्हणाले. "सगळे दिसत होते."

ती ओशाळली आणि सवयीनं तिनं पदर ओठांपाशी नेला. उत्तमराव तिच्या तोंडाकडे सरळ पाहत होते.

"नोको झाकू," ते म्हणाले.